अकराव्या दिवसाचं पाणी

आमच्या जालन्यात अकरावा दिवस म्हटलं
की बाहेरगावचा पाहुणा आवाज खाली घेऊन विचारतो,
कोण गेलं?
कुणी नाही हो. नळाची पाळी आहे.

गुरुवारी दत्ताच्या देवळामागं
बिडवे अण्णांचा पाठ असतो.
टेलिफोन खात्यातून रिटायर झालेला माणूस,
आवाज अजून ट्रंक कॉल लावल्यासारखा.
मी काजं-बटणं हातात घेऊनच बसते,
ब्लाउज शनिवारी द्यायचे असतात.
अण्णा म्हणाले, घागरीतलं आकाश
आणि बाहेरचं आकाश वेगळं आहे का?
घागर फुटली तर आतलं कुठं जातं?
कुठंच जात नाही.
ते आत कधी नव्हतंच.

सुई थांबली माझी.
अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू.
घरी येताना रिक्षा, शेळ्या, मोंढ्यातले हमाल,
सळईच्या मिलमधून सुटलेली काळी तोंडं, त्यांत आमचेही,
सगळ्यांच्या पायांत माझंच काहीतरी चालत होतं.
हे बसस्टँडपर्यंत टिकलं.
तिथं चप्पल तुटली.

नळ रात्री सव्वादोनला आला.
आधी पाइप खोकतो, हवा ओकतो,
मग गढूळ, मग पाणी.
बारा घागरी, दोन टाक्या, चार हंडे, कुकर,
लेकराची शाळेची बाटली,
आणि ती बुडाला तडा गेलेली निळी घागर
जिला मी एम-सील लावून तिसऱ्यांदा जिवंत केलंय.
ती भरताना अण्णांचं आठवलं.
फुटली तर आतलं कुठं जातं?
मोरीत जातं, अण्णा.
मोरीतून नालीत, नालीतून कुंडलिकेत.
आणि पुढचे दहा दिवस
मी कुठं जायचं?

तेवढ्यात धार बारीक झाली, करंगळीएवढी.
नसीमबीनं मोटर लावली होती.
आणि संध्याकाळी जी मी सगळ्यांत होते
तीच मी स्टुलावर चढून भिंतीवरून ओरडले,
आमचं पाणी काहून ओढता?
ती म्हणाली, आमचं म्हंजे? लाइन तं एकच है ना बाई!

लाइन एकच आहे.
अण्णा हे समजावून सांगतात,
तिनं चिडून सांगितलं.
भिंतीच्या दोन बाजूंना दोन विस्कटलेली डोकी,
जराशी एकमेकींकडं बघत राहिलो.
मग मी खाली उतरले
आणि आमचीही मोटर लावली.

पहाटे दारात अण्णा.
बनियनवर, दोन्ही हातांत रिकामे हंडे.
झोप लागली म्हणाले, नळ येऊन गेला, कळलंच नाही.
सून बाळंतीण आहे. दोन हंडे मिळतील का?

मी आत बघितलं. सगळं मोजलेलं होतं.
धुणं बुधवारी, अंघोळी दिवसाआड,
सासूबाईंचं सोवळ्याचं वेगळं झाकून.
कुणी कुणाला द्यायचं, मुळात कोण देणार, कोण घेणार,
असलं गुरुवारचं बोलणं डोक्यात येऊन गेलं,
पण हंडा तर मलाच उचलावा लागणार होता,
कंबर माझीच दुखते.
म्हटलं, दोन नाही अण्णा.
एकच.

अण्णा हसायला लागले.
चौकटीला धरून, पोट हलवत, डोळ्यांत पाणी येईस्तोवर.
मला वाटलं, म्हातारा जागरणानं फिरला.
हंडा खांद्यावर घेऊन गेले तरी
गल्लीच्या टोकापर्यंत हसणं ऐकू येत होतं,
आणि पाणी हिंदकळून सांडत होतं,
ते बघून माझा जीव खालीवर.

पोळ्या लाटताना, मधेच,
मला कळलं मी काय बोलून गेले होते.
लाटणं हातातच राहिलं.
तव्यावरची करपली.

ती मी खाल्ली.
करपलेली नेहमी मीच खाते.