तोलाराचं मत

मताला पैसे मिळतात म्हटल्यावर
बायको तवा उतरवत म्हणाली,
मागच्या सोसायटीच्या इलेक्शनला मिळालेले
तेवढेच, का जास्त?

कमी, म्हटलं. लई कमी.
आणि पाकीट नाही. सगळं उघड्यावर.
कुणी कुणाला किती दिलं, मिनिटासकट
जगाच्या वहीत उमटतं,
आणि ती वही कुठल्याच अडत्याच्या गादीखाली नसते.
खाडाखोड नाही. मधलं पान फाडता येत नाही.

ती म्हणाली, मग असल्या वहीत तुमचं काय काम?

एकतीस वर्षं सांगलीच्या यार्डात हळद तोलतोय मी.
सौद्यात रुमाल टाकून बोटं दाबायचे तेव्हापासून.
रुमालाखाली काय ठरलं ते दोन हातांना ठाऊक,
वर चेहरे दगडाचे.
माझं काम त्यानंतरचं.
काटा थांबेपर्यंत थांबायचं,
आकडा मोठ्यानं म्हणायचा,
म्हणताना कुणाकडं बघायचं नाही.

सुकुमार मगदूम, आमच्या दुकानचा नवा दिवाणजी,
त्यानं मोबाइलवर खातं काढून दिलं.
म्हणाला, काका, लोक लिहितात, आपण वाचायचं,
आवडलं की मत द्यायचं.
लिहिणाऱ्याला नाणी, त्यातली थोडी आपल्याला.
पण मताला वजन असतं.

वजन म्हटल्यावर मी सरळ बसलो.

ज्याच्या खात्यात नाणी जास्त, त्याचं मत जड.
माझं त्यानं दाखवलं:
शून्य, टिंब, मग शून्यंच शून्यं, शेवटी एक दोन.
पोतं झटकल्यावर उन्हाच्या तिरपीत
जेवढी पिवळी धूळ तरंगत राहते, तेवढं.

सारखी मतं दिली की मत थकतंही म्हणे.
लागोपाठ थप्पी लावणाऱ्या हमालागत.
रात्रभर निजू द्यावं लागतं, मग परत भरतं.
एवढं एक मला लगेच पटलं.

शहाणे न वाचताच देतात.
मोठं नाव बघून, पहिल्या पाच मिनिटांत, यंत्र लावून.
आधी पोचला त्याचा वाटा मोठा.
मी चष्मा शोधतो. पहिल्या शब्दापासून धरतो.
शेवटच्या ओळीला पोचेस्तोवर वाटप झालेलं असतं.
सुकुमार कपाळाला हात लावतो.
काय करू,
काटा हलत असताना आकडा म्हणायला
मला कुणी शिकवलंच नाही.

परमुलखातल्या एका बाईनं लिहिलं,
नवरा गेल्यावर त्याच्या बुटांत तिनं कांद्याची पात लावली.
दिलं.
एकानं आईवर लिहिलं होतं, लांबलचक, रडवणारं.
नाही दिलं.
माल ओला होता. ओला माल काट्यावर भरतो,
वाळला की कळतं.

मग एका रात्री
हरिपूरची कोण नाझनीन बागवान.
पेव उघडलं की आधी माणूस उतरत नाही, तिनं लिहिलं.
आधी दोरीनं कंदील सोडतात.
विझला तर वर ओढायचा, आणि थांबायचं.
आजोबा एकदा थांबले नाहीत.

संपलं. चार ओळी. फोटो नाही.
खाली एकही मत नाही.

त्या पेवातली हळद मी तोललेली असणार.
नाकाला तो कोंदट वास आला, मोबाइलमधनं.
मी होतं नव्हतं ते सगळं वजन टाकलं,
दुसऱ्या दिवसासाठी चिमूट न ठेवता.

सातव्या दिवशी हिशेब लागला.
माझ्या वाट्याला सात पैसे,
तेही तेरा आठवडे अडकवून ठेवलेले.
बायकोला सांगितलं, तर कणीक मळत म्हणाली,
म्हणजे पेवातच की.

सुकुमार म्हणतो, काका, ती वेळ गेली,
आता तिथं कोण फिरकत नाही, नवीन बघा.
बघतो.

पण यार्डाचं फाटक लागल्यावर, झोपायच्या आधी,
हरिपुरात एकदा डोकावून येतो.
तिच्या ओळींखाली अजून तेवढंच एक मत,
माझं.
विझलं नाही ना, तेवढं बघतो.