जोडणी

घणसोली, सेक्टर नऊ. जेवणाचं टेबल.
साखरेच्या डब्याला टेकून टॅबलेट.
कीबोर्डचा निळा दिवा लुकलुकतोय
आणि यादीत येताहेत शेजारपाजारचे:
मढवींचा स्पीकर, कुणाचं तरी घड्याळ,
'शलाका-२' – कोण ही, देव जाणे.
माझा कीबोर्ड तेवढा नाही.

वैतागून मी बडवत राहिले:
आज मला स्वयंपाक करायचा नाहीये.
पडदा कोरा.

आतून निशिकांत आला, चष्मा कपाळावर.
"माझ्या जीएसटीच्या रकान्यात
कोण बोलतंय?"

अजून त्याच्याच कॉम्प्युटरला चिकटलेला, मेला,
भिंतीपलीकडून.
तोडायला एक बटण पुरलं असतं.
राहू दे म्हटलं.

तांदूळ धुऊन त्याने विचारलं, पाणी किती?
मी टाइप केलं.
तो आत जाऊन वाचून आला.