दहा सेकंद उशिरा

रेल्वे इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्ये
मे महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी
आम्ही अकरा जण.
बारावा कूलर, पाण्याविना नुसता घरघरणारा.
पडदा म्हणजे डबल बेडची चादर,
तिच्या कोपऱ्यात निळ्या दोऱ्याचं फूल,
धुऊन धुऊन फिकं झालेलं,
लिस्बनच्या आभाळात दिसत राहतं.

माहितीपट पोर्तुगालच्या जुन्या गाण्यांचा.
मी क्लबचा खजिनदार, म्हणून लॅपटॉप माझ्याकडे,
आणि चूकही माझीच:
खालची अक्षरं दहा सेकंद मागे पडलेली.
काळ्या शालीतली बाई गाऊन गप्प होते,
ग्लास उचलते, घोट घेते,
तेव्हा कुठे उमटतं, माझं काळीज उसवलं.
मासे विकणारा पोरगा दात काढून हसतो
आणि त्याच्या पायाशी लिहिलेलं,
तो परत आलाच नाही.

"रिबेलो अंकल, तुम्ही सांगा ना."
कॉज्मे रिबेलो, निवृत्त गार्ड,
जन्म भुसावळचा, लग्न भुसावळचं,
कबरीची जागाही इथेच बघून ठेवलेली.
"अरे, मला कुठलं येतं पोर्तुगीज?
आजोबांच्या दोन शिव्या आणि अर्धी प्रार्थना.
त्यात कुठलं काय, तेही नक्की नाही."

सुपडाबाई दाराशी स्टुलावर,
हॉल बंद करायला थांबलेली.
माहेर पारोळ्याकडचं. शाळा नाही.
तिला अक्षरं लागतच नव्हती,
म्हणून तिच्यापुरतं काहीच उशिरा नव्हतं.
"रडी नही ऱ्हायनी ती," म्हणाली,
"वाट दखी ऱ्हायनी. गाडी लेट शे."
आम्ही हसलो.
हसून संपलो तेव्हा खाली आलं,
रोज धक्क्यावर जाते, जहाज दिसत नाही.

भुसावळला समुद्र नाही.
तापी आहे, ती जाते तिकडे,
पण निरोप आणत नाही कधी.

मग बारा तारांचं वाद्य,
पपई उभी चिरून बिया काढाव्यात तसं पोट.
एक म्हातारा त्याला छातीशी धरून
तारा पिळतो, ऐकतो, पुन्हा पिळतो.
तीन मिनिटं एवढंच.
दोघे जण चहाला उठून गेले.

मग मासळीबाजार.
कुणी तरी गर्दीतून ओरडलं, लैलांव!
लोटूशेठ फेगडे, सावद्याचे, केळीचे व्यापारी,
इतका वेळ घोरत होते ते
डोळे न उघडता म्हणाले,
"लिलाव लागला? काय भाव?"

त्यानंतर आम्ही वाचणं सोडलं.
कान पुढे करून बसलो,
शेंगांच्या ढिगातून खडे वेचावेत तसे.
पगार, म्हणाला एक खलाशी.
पगारच म्हणाला, माझ्या बापासारखा,
एक तारखेच्या आवाजात.
बाल्द, म्हणाली कुणी,
आणि तिच्या हातात खरंच बादली होती.
रिबेलो अंकल खुर्चीत सरळ झाले,
जणू घरातलं कुणी
परक्या लग्नात जेवताना दिसलं.

शेवटचं गाणं एका बंद घरासमोर.
बाईने डोळे मिटले. शाव, म्हणाली, पुन्हा शाव,
दुसऱ्यांदा आवाज तुटला.
सुपडाबाईचा हात कमरेच्या जुडग्यावर गेला.
"चावी," ती म्हणाली. "चावी म्हनस ती."
कोणी काही बोललं नाही.
दूर यार्डात डबे एकमेकांना लागल्याचा आवाज,
आणि मग अक्षरं,
कोणाकडे ठेवून गेलास रे किल्ली?

अक्षरं जुळवायचं बटण मला तेव्हाच सापडलं होतं.
बोट त्यावर होतं.
तसंच राहिलं.

दिवे लागले. चादर घडी झाली.
सुपडाबाईने खुर्च्या मोजल्या, एक कमी भरली,
पुन्हा मोजल्या, भरली.
बाहेर उष्ण वारा, कडुनिंबाखाली स्कूटर,
रिबेलो अंकल शर्टाचा खिसा चाचपतात,
पँटचा, मग पुन्हा शर्टाचा,
आणि आजोबांची एक शिवी
हळू, सबंध, देऊन टाकतात.
दोनांतली कुठली, ते कळलं नाही.