ओळखपत्रावरून

डोमाजी नंदनवारांनी टेबलावर ठेवलं
मतदार ओळखपत्र.
"एवढाच फोटो हाये बाप्पा.
अन् यातबी डोये मिटले तिनं."

नखाएवढा चेहरा, कोपऱ्यावर शिक्का.
मी चौकटी आखल्या, मोठा करत नेला,
मोठे झाले ते नुसते ठिपके.

मग वही घेऊन गोळीबार चौकात जाऊ लागलो,
मे महिन्यात, दुपारी, कानाला दुपट्टा बांधून.
पान तीन : धाकट्या बहिणीचं कपाळ.
"आमचं सारखंच होतं," म्हणाली,
आणि लगेच पदर पुढे ओढला.
पान सात : मुलाचं नाक, बाजूने,
मॅच पाहताना चोरून घेतलेलं.
पान आठ : तेच नाक. कुलरचं पाणी उडालं,
नाकपुडीपाशी कोळसा फुगला.
पुसायला शिळ्या पावाचा गोळा उचलला,
आणि परत ठेवला.

हनुवटी कुणाकडेच नव्हती.
थोरली सून म्हणे टोकदार,
शेजारच्या पराते काकू म्हणत, छे, गोल.
चार पानं वाया गेली.
नातीनं पेन्सिल हिसकावली माझ्या हातातून,
कपाळाखाली एकच रेघ ओढली, वाकडी,
थेट छातीपर्यंत.
"अशी. आजी वरतं पाहेच नाही."

तरी मी समोर पाहणारी काढली.
घरच्यांना तशीच हवी होती, हाराखाली शोभेल अशी.
कच्चा उंबर, थोडा पिवळा,
गालाच्या हाडावर एक थंड हिरवा हात.
डोळे मिचकावून पाहिलं, आरशात उलटं पाहिलं :
कुठल्याशा सभ्य बाईचं चित्र.

डोमाजी आले. बराच वेळ उभे.
चेहऱ्याकडे पाहिलंच नाही त्यांनी.
"डावा खांदा खाली पाह्यजे.
चाळीस वर्सं कांड्या भरल्या तिनं."

ते गेल्यावर टर्पेंटाइनचं फडकं घेतलं.
खांदा उतरवला दोन बोटं,
मग मान राहीना, मानेमागून कपाळ आलं,
पापण्या आपसूक झुकल्या,
आणि हनुवटीची गरजच उरली नाही.

चित्र भिंतीवर गेलं.
सुनेला अजून पटलेलं नाही.
वही माझ्याकडेच राहिली.
शेवटच्या पानावर डोमाजी,
ओळखपत्र सदऱ्याच्या खिशात ठेवताना.
हे कुणी सांगितलं नव्हतं काढायला.
त्यांचा हात खिशाच्या बाहेर
मला काढताच आला नाही.