झाड ज्याचं, लाकूड त्याचं

रॅट्रेबाईंचं सिकॅमोर भिंतीवरून वाकून
आमच्या सामायिक अंगणात बघत असायचं :
कचऱ्याचे डबे, साखळीने बांधलेल्या सायकली.
वारा सुटला की तिसऱ्या मजल्यावर
माझ्या स्वयंपाकघराची काच नखानं खरवडायचं.

आणि डंडीत वाऱ्याला निमित्त लागत नाही.
खाडीवरून निघतो, तडक येतो.

बुंध्यावर कानाएवढी अळंबी उगवली तेव्हा
तळमजल्यावरचा फर्गस म्हणाला, आतून पोखरलंय.
आठ घरं. खर्चाचं नाव काढल्यावर
दोघांनी दारच उघडलं नाही.

मी पत्रं लिहिली. पहिलं मऊ,
दुसरं इस्त्री केलेलं,
तिसऱ्याला वकिलाचा वास.
उत्तर आलं ते जुन्या नाताळकार्डाच्या पाठीवर :
"ते मी लावलेलं नाही. तोडणारही नाही."
सही सुद्धा नाही.

ऑक्टोबरात एका रात्री फांदी आली खाली.
कुणावर नाही.
कपडे वाळवायचा लोखंडी खांब तेवढा वाकला,
ज्याला दोरी बांधून वोय्तासिकांची हान्का
दुपारभर उड्या मारत होती.
सकाळी आम्ही सगळे झोपेच्या कपड्यांत उतरलो
आणि त्या लांबलचक लाकडाभोवती उभे राहिलो,
कुणीतरी ओळखीचं पडलं असावं तसे.
हान्काची आई मोजत होती, पावलांनी.

मग झाडवाला आला. दोराला लोंबकळत
हद्दीच्या रेघेपर्यंत कापलं त्यानं, बोटभर पुढे नाही.
जाताना म्हणाला, ओंडके तुमचे नव्हेत हं.
झाड ज्याचं, लाकूड त्याचं. विचारून या.

चार वर्षांत पहिल्यांदा तिच्या दाराशी गेलो,
हातात एक ओंडका, पुराव्यासारखा धरलेला.
तिनं तो घेतला. मधल्या काळ्या भागात
करंगळी घातली, पेरभर आत गेली.
बराच वेळ काही बोलली नाही.
"बाकीचं कधी आणतोस?"

एकवीस फेऱ्या. फर्गसनं सहा केल्या,
मग त्याला कंबर आठवली.
तिच्या वाट्याचे पैसे अजून आलेले नाहीत.
मागायचं पत्र लिहून ठेवलंय, मऊ.

स्वयंपाकघरात आता नको इतका उजेड येतो.
त्यात काचेवरचे बारीक ओरखडे दिसतात.
परवा ओलं फडकं घेऊन पुसायला गेलो,
पुसता पुसता लक्षात आलं,
ते बाहेरून आहेत.