चौदा आटे

महापालिकेत एकतीस वर्षं
मी व्हॉल्व्हमन होतो.
पहाटे तीनला सायकलच्या दांडीला टी-चावी बांधून
फुलेवाडीपासून गंगावेशीपर्यंत
रस्त्याच्या पोटावरची झाकणं उचलायची
आणि आटे मोजायचे.
चौदा आटे म्हणजे पूर्ण बंद.
तेराव्याला पाईप घसा खाकरतो,
चौदाव्याला गप्प.
हे कुठल्या रजिस्टरात लिहिलेलं नाही.

त्यामुळं आसिया शिकलगार जेव्हा म्हणाली,
"काका, तुमच्या घराची सहा दारं सताड उघडी आहेत,"
तेव्हा मी आधी मागच्या दाराकडं बघितलं.
कडी होती.
"ती दारं न्हवं ओ."
केबलच्या ऑफिसातली पोरगी,
हेल्मेट अजून काखेत,
लॅपटॉप माझ्याकडं वळवला.
तेवीस. ऐंशी. पाचशे चोपन्न. आठ हजार ऐंशी.
पुढचे दोन मला पाठ झाले नाहीत.
ती मात्र न अडखळता वाचत होती,
मी लाईनवरचे नंबर वाचायचो तशी.

"कुणी उघडली?"
"दोन तुमच्या सुयोगनं,
पुण्यातनं कॅमेरा दिसावा म्हणून.
बाकीची राउटरनं आपणहून."

आपणहून म्हटल्यावर डोक्यात शिरलं.
राधानगरीचे दरवाजे तसेच,
पाणी टेकलं की कुणाला न विचारता उघडतात
आणि आपण सकाळी पेपरात वाचतो,
तिसरा, सहावा.
पण धरणाच्या बाहेर नदी असते.
या डब्याच्या बाहेर
काय आहे?

तीन आठवडे झाले,
रात्री कॅमेरा मान वळवायचा.
टक्‌, मग घर्र, मग माझ्याकडं.
शालन गेली तरी माझी तीनची जाग गेली नाही.
उठतो, तिच्या शिलाई मशीनपाशी बसतो,
दिवसाचा हिशेब सांगतो:
दुधाचे पैसे दिले, नळाची पट्टी भरली,
शेजारणीनं ब्लाऊज परत मागितला, तसाच दिला, बिनहुकाचा.
मान वळली की वाटायचं पोरगं जागं आहे.
मी हात करायचो.
"झोप आता," म्हणायचो, "सकाळी ड्यूटी आहे तुझी."

"मी दहालाच झोपतो, बाबा,"
सुयोग फोनवर म्हणाला.
मग दोघंही काही बोललो नाही.

आसियानं पासवर्ड बदलला.
आधीचा डब्याच्या तळालाच छापलेला होता,
म्हणजे चावी कुलपालाच लटकवून गावाला गेल्यासारखं.
मग एकेक दार लावत गेली.
"आता तुम्हाला आतनं बाहेर जाता येईल,
बाहेरनं कुणाला आत येता येणार नाही."
"नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह," मी म्हणालो.
ती पहिल्यांदा हसली.
"तेच की."

एक सांगतो, आता पेन्शन कोण काढून घेणार.
उत्तरेश्वरात एका बोळाचा व्हॉल्व्ह
मी नऊ वर्षं तेरावर ठेवला.
कागदावर चौदा.
आत एक सुईण राहायची,
तिला कधीही पाणी लागायचं.

म्हणून विचारलं,
"सुयोगपुरतं एक तेरावर ठेवता येईल?"
आसियानं मान हलवली.
"इथं तेरावा आटा नसतो, काका.
तुम्ही ज्याच्यासाठी फट ठेवाल
तो एकटाच येत नाही.
पाहिजे तर बोगदा करून देते,
चावी फक्त तुम्हा दोघांकडं."
चहा निवेपर्यंत मी विचार केला.
"राहू दे. त्याला फोन करायला सांगतो."

जाताना तिनं पैसे घेतले नाहीत,
शेंगाची चटणी घेतली.

त्या रात्री तीनला उठलो.
टक्‌ नाही. घर्र नाही.
कॅमेऱ्याचं तोंड त्यानं शेवटचं वळवलेलं, तसंच,
मशीनकडं.
कोण होता कुणास ठाऊक,
त्याच्याकडं तेव्हा किती वाजलेले असायचे,
आणि त्याला मराठी कळत होतं का.

वांगी चाळीसनं दिली,
मी म्हणालो.
मशीनला.