अकरा पन्नास

किल्डेअरच्या त्या तबेल्यात मी नवी होते,
खरारासुद्धा धड जमत नव्हता,
तेव्हा म्हातारा मॅलकी म्हणाला,
"शर्यतीच्या घोड्यांचा वाढदिवस एकच. एक जानेवारी.
जन्म कधीचाही असो, वय त्या दिवशी वाढतं."

मी हसले. तो हसला नाही.
कुमैत घोडीला महिनाभर आधीच कळा लागल्या होत्या
आणि भिंतीवर एकतीस डिसेंबर,
सव्वाअकरा.

"थांब गं बाई," तो तिच्या कानाशी पुटपुटत राहिला,
"पाऊण तास. फक्त पाऊण तास."
घोडीला पंचांग कोण सांगणार!

अकरा पन्नासला शिंगरू पेंढ्यावर आलं,
वाफाळणारं, नुसता पायांचा गुंता.
गावात चर्चची घंटा बाराचे टोल देऊ लागली
तेव्हा ते पुढचे पाय कुठे टेकायचे ते शोधत होतं
आणि कागदावर
एक वर्षाचं झालं होतं.

मॅलकीने वही उघडली, पेन माझ्याकडे सरकवलं.
"ईफा, तूच लिही. मला चष्म्याशिवाय दिसत नाही."
चष्मा त्याच्या नाकावरच होता.

त्या कोऱ्या रकान्याकडे मी किती वेळ पाहिलं कुणास ठाऊक.
शाई गोठली होती की बोटं, आठवत नाही.
लिहिलं: अकरा पन्नास.

तो शर्यतीत कधीच धावला नाही.
आता मोठ्या शर्यतींच्या दिवशी
बिथरलेल्या घोड्यांना फाटकापर्यंत सोबत करतो,
मानेला मान लावून.
फाटक उघडतं, टापांचा गडगडाट दूर जातो,
आणि तो खाली वाकून
गवत खाऊ लागतो.